साउंडवाला डिझेल लोको घ्यावा, की साधा घेऊन आवाज नंतर बसवावा?

मॉडेल रेल्वेच्या छंदात एकाच डिझेल लोकोचं मॉडेल आज बहुधा दोन रूपांत मिळतं. एकात डिकोडर (कंट्रोलरची आज्ञा ऐकून मोटर, दिवे आणि आवाज चालवणारं लहान सर्किट), स्पीकर आणि आवाज कारखान्यातच बसवलेला असतो. दुसऱ्यात डिकोडर टोचायचं नुसतं सॉकेट असतं. डिकोडर आणि आवाज आपण आणायचा. बाहेरून दोन्ही अगदी सारखे: तीच बारीक रेलिंगं, त्याच जाळ्या, तोच रंग. किमतीतला फरक मात्र डोळ्यांत भरतो आणि निर्णय तिथेच अडतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. डिकोडर कोणत्या कंपनीचा आणि फंक्शन (बटणांनी चालणारे दिवे-आवाज) किती, या दोन गोष्टींवर हा निर्णय घेऊ नका. स्पीकर कुठे आणि कसा बसवलाय, आणि मूळ इंजिनाचं रेकॉर्डिंग किती चांगलं आहे, हे बघून घ्या.

आधी आवाज समजून घेऊ

डिझेल लोकोचा आवाज म्हणजे मुख्यतः सिलिंडरांतल्या स्फोटांची लय. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीत. एवढं माहीत असलं की कुठल्याही लोकोच्या आवाजाचं गणित मांडता येतं. ब्रिटिश क्लास ३७ मध्ये इंग्लिश इलेक्ट्रिकचं १२ सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन आहे. ते उभ्या गाडीत मिनिटाला ४५० फेरे घेतं आणि पूर्ण जोरात ८५०. म्हणजे सेकंदाला ४५ ते ८५ स्फोट. अमेरिकेतल्या एसडी४०-२ मधलं १६ सिलिंडरचं ईएमडी ६४५ टू-स्ट्रोक आहे. मिनिटाला साधारण ३१५ फेऱ्यांना त्याचे सेकंदाला ८४ स्फोट होतात, ९०० फेऱ्यांना २४०. आणि क्लास ५५ डेल्टिक! एका लोकोत दोन नेपियर इंजिनं, प्रत्येकात १८ सिलिंडर आणि ३६ पिस्टन, मिनिटाला १५०० फेरे. एका इंजिनाचे सेकंदाला ४५० स्फोट. दोन्ही इंजिनांचा वेग अगदी तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे आवाजात ती हेलकावणारी घुमी गुणगुण येते. तेवढ्यासाठी लोक आजही डेल्टिकवर जीव टाकतात.

हे गणित इथे मांडण्याचं कारण असं की मॉडेलमधला स्पीकर नखाएवढा असतो. सर्वांत जास्त वापरला जाणारा ‘शुगर क्यूब’ ११ बाय १५ मिलिमीटरचा. त्यातून ४५ हर्ट्‌झचा मूळ स्वर बाहेर पडणं शक्यच नाही. तरीही क्लास ३७ ची घरघर आपल्याला ऐकू येते, कारण त्या स्वराच्या वरच्या पटी स्पीकर वाजवतो आणि खालचा स्वर आपला मेंदू भरून काढतो. या वरच्या पटी रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ असल्या तर लहान स्पीकरही भारदस्त वाटतो. गढूळ असल्या तर डबीत अडकलेल्या माशीसारखा नुसता गुंगुं आवाज येतो. डेल्टिकचा मुख्य स्वर मुळातच उंच, म्हणून लहान स्पीकरवर तो तुलनेने सहज खुलतो. तुम्हाला हवा असलेला लोको मंद फेऱ्यांच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचा असेल, तर स्पीकरकडे दुप्पट लक्ष द्या.

स्पीकर: खरी लढत इथे आहे

स्पीकरचा पडदा पुढे ढकलला जातो तेव्हा मागची हवा उलट दिशेने हलते. पुढची आणि मागची लहर एकमेकींत मिसळली की खालचे स्वर पुसले जातात. म्हणून स्पीकरच्या मागे हवाबंद डबी लागते, आणि ती खरोखरच हवाबंद असावी लागते. केसाएवढी फट राहिली तरी फरक कानाला कळतो.

कारखान्यातून आवाज बसवून आलेल्या मॉडेलचा मोठा फायदा हाच असू शकतो. ज्यांनी लोकोचा सांगाडा आखला त्यांनीच स्पीकरची जागा आखलेली असते. काही मॉडेलांत छताच्या जाळीखाली, वर तोंड करून, चांगल्या मोठ्या डबीत स्पीकर असतो. खऱ्या लोकोचा धूर आणि आवाजही छतातूनच बाहेर पडतो, त्यामुळे अशी मांडणी कानाला पटते. इथेच बारीक कामाचा आणि आवाजाचा थेट संबंध येतो. पंख्यावरची जाळी पातळ धातूची, आरपार असेल तर आवाज मोकळा निघतो. प्लास्टिकच्या भरीव छतावर नुसती नक्षी कोरलेली असेल तर तो आत घुसमटतो. म्हणजे जाळीचे पैसे नुसते दिसण्यासाठी जात नाहीत.

पण सगळेच कारखाने एवढा विचार करत नाहीत. कित्येक मॉडेलांत एक लहानसा गोल स्पीकर डिझेल टाकीच्या पोकळीत, रुळांकडे तोंड करून ठेवलेला असतो, नाहीतर उरलेल्या कोपऱ्यात कोंबलेला असतो. अशा वेळी साधं मॉडेल घेऊन स्वतः दोन शुगर क्यूब किंवा एक मोठा आयताकृती स्पीकर बसवणारा माणूस कारखान्यालाही मागे टाकतो. हे मी अगदी खात्रीने सांगतो. मात्र आत जागा हवी. जड धातूचा सांगाडा पूर्ण लांबीभर असेल तर जागा नसते. दोन्ही बाजूंना पायवाट आणि मध्ये अरुंद हूड (इंजिनावरचं झाकण), अशा अमेरिकी धाटणीच्या लोकोत ती आणखी कमी. पूर्ण रुंदीच्या पेटीसारख्या लोकोत सढळ मिळते.

म्हणून विकत घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: स्पीकर कुठल्या दिशेला आहे, आणि साध्या आवृत्तीत स्पीकरची जागा मोकळी ठेवलीय का? हल्ली काही साध्या मॉडेलांत स्पीकर आधीच बसवलेला असतो, फक्त डिकोडर टोचायचा राहतो. असं मॉडेल मिळालं तर माझ्या मते तोच सर्वांत शहाणपणाचा सौदा.

सॉकेट आणि डिकोडर

साधं मॉडेल घेणार असाल तर सॉकेट कुठलं, हे पेटीवर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या ८ पिनांच्या सॉकेटमध्ये स्पीकरसाठी पिनच नसते. त्याच्या तारा वेगळ्या ओढाव्या लागतात. २१ पिनांचं सॉकेट आणि प्लक्स२२ यांत स्पीकरची सोय आहे. लहान मॉडेलांसाठीच्या नेक्स्ट१८ मध्ये साउंडसाठी वेगळा एस प्रकार आहे.

२१ पिनांमध्ये एक मेख आहे, ती फारसं कुणी आधी सांगत नाही. काही डिकोडर जास्तीच्या दिव्यांना थेट चालवण्याइतका प्रवाह देतात, काही फक्त इशारा देतात आणि बाकीचं काम लोकोतल्या सर्किट बोर्डवर सोडतात. बोर्ड एका प्रकारचा आणि डिकोडर दुसऱ्या प्रकारचा असेल तर मोटर चालते, आवाज येतो, पण केबिनचा दिवा किंवा शेपटीचे लाल दिवे नीट वागत नाहीत. कारखान्याच्या साउंड आवृत्तीत ही जुळवणी झालेली असते. कुठल्या बटणाला कुठला दिवा, गाडी जोडलेली असताना मागचे लाल दिवे बंद कसे करायचे, सगळं लावून मिळतं. दिव्यांची हौस असलेल्या आणि सेटिंगचा कंटाळा असलेल्या माणसाने याला मोठी किंमत द्यावी.

डिकोडर निवडताना आवाज नंतर बदलता येतो का, हे बघा. ईएसयूच्या लोकसाउंड ५ मध्ये लोकप्रोग्रामर (संगणकाला जोडायचं उपकरण) वापरून संपूर्ण आवाजच नवा भरता येतो. झिमोच्या साउंड डिकोडरमध्येही तशी सोय आहे. साउंडट्रॅक्सच्या त्सुनामी२ मध्ये आवाज कारखान्यातच पक्के केलेले असतात. त्यांतून तुम्ही इंजिन, भोंगा आणि घंटा निवडता. दोन्ही पद्धतींना जागा आहे. संगणक जोडायची इच्छा नसेल तर तयार यादीतून निवडणं सोपं. पण एखाद्या ठरावीक लोकोचा, ठरावीक भोंग्याचाच आवाज हवा असेल तर पुन्हा भरता येणारा डिकोडरच घ्या.

चालवताना काय बदलतं

आवाज ऐकण्यापेक्षा आवाजाने लोको चालवणं हा खरा आनंद आहे, आणि तो दोन्ही मार्गांनी मिळतो. अट एकच: सेटिंग तसं हवं. खऱ्या लोकोत आधी इंजिन जोर धरतं, मग गाडी हलते. वेग आला की जोर कमी होतो आणि गाडी आपल्या वजनावर वाहत राहते. अल्को २५१ सारख्या इंजिनात टर्बोला जोर धरायला वेळ लागतो, तो उशीर कानाला फार गोड लागतो. मॉडेलमध्ये हे आणायचं तर सीव्ही ३ आणि सीव्ही ४ (सीव्ही म्हणजे डिकोडरमधलं क्रमांक दिलेलं सेटिंग) मधला आकडा वाढवून लोकोला जडपणा द्यावा लागतो आणि थांबायला ब्रेकचं बटण वापरावं लागतं. लोकसाउंड ५ मध्ये ‘ड्राइव्ह होल्ड’ आहे: वेग तोच धरून इंजिनाचा जोर वर-खाली करता येतो. चढावर पूर्ण जोरात रांगणारी मालगाडी दाखवायला याच्यासारखं साधन नाही.

कारखान्यातून आलेला लोको बहुधा मोठ्या आवाजात आणि कमी जडपणावर लावलेला असतो. दुकानात पटकन प्रभाव पडावा, हा हेतू. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे आवाज उतरवणं. लोकसाउंड ५ मध्ये सीव्ही ६३, झिमोत सीव्ही २६६. लहान स्पीकर फाटायच्या बराच आधी थांबवला की तोच लोको एकदम मोठा आणि लांबचा वाटू लागतो. सेटिंग बिघडलंच तर या दोन्हींत सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की मूळ स्थिती परत येते आणि लोकोचा पत्ता (कंट्रोलर त्याला ज्या क्रमांकाने हाक मारतो तो) पुन्हा ३ होतो.

रुळावरची धूळ हा साउंड लोकोचा वैरी आहे. साध्या लोकोला क्षणभर वीज तुटली तर फ्लायव्हील (मोटरवरचं जड चाक) तारून नेतं, पण आवाज तुटला की लगेच कळतं. म्हणून आत वीज साठवणारा कपॅसिटर असावाच. कारखान्याच्या आवृत्तीत तो आहे का, हे नक्की विचारा. स्वतः बसवणार असाल तर स्पीकर आणि कपॅसिटर एकाच जागेवर हक्क सांगतात. मी अशा वेळी लहान कपॅसिटर आणि मोठा स्पीकर घेतो आणि चाकं पुसायची सवय ठेवतो.

डीसी कंट्रोलरवरच (रुळातली व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलणारी जुनी पद्धत) चालवायचं असेल तर साउंड आवृत्तीत पैसे घालू नका. आवाज जागा व्हायलाच बरीच व्होल्टेज लागते, हळू चालवणं हातातून जातं आणि भोंगा वाजवता येत नाही. साधं मॉडेल घ्या, डीसीसी (रुळांतून डिकोडरला डिजिटल आज्ञा देणारी पद्धत) आल्यावर डिकोडर लावा.

लहान मापाच्या एन स्केलमध्ये मात्र मी बिनदिक्कत कारखान्याचीच साउंड आवृत्ती सुचवेन. ३ मीटर रुंदीचा लोको १:८७ च्या एचओत साधारण ३४ मिलिमीटर होतो, १:१६० च्या एनमध्ये जेमतेम १९. त्या जागेत सांगाडा कापून स्पीकर बसवणं सरावलेल्या हाताचं काम आहे, आणि कवच काढताना ती सुईसारखी रेलिंगं तुटण्याची शक्यता मोठी. एचओ आणि ओओमध्ये (ब्रिटिश मॉडेलांचं १:७६ चं माप) कवच स्क्रूने उघडत असेल आणि स्पीकरची जागा तयार असेल, तर साधं मॉडेल आणि आपल्या पसंतीचा डिकोडर. दोन्हींपैकी एक जरी नसेल तरी कारखान्याची आवृत्ती, पण स्पीकरची दिशा विचारूनच.

दोन लोको जोडून एक गाडी ओढायची असेल तर दोन्ही साउंडचे घेण्याची घाई करू नका. एक साउंडचा आणि एक मूक चालतो. मात्र मूक लोकोत त्याच कंपनीचा डिकोडर घाला. वेगवेगळ्या कंपन्यांचं मोटर-नियंत्रण वेगळं वागतं, त्यामुळे कमी वेगात एक लोको पुढे ओढतो आणि दुसरा मागे धरतो.