घोडबंदरचा फ्लॅट भाड्याने, पगार जर्मनीत : एनआरओ खातं, टॅन आणि ई-फायलिंग, अकरा महिन्यांनंतर

निकाल आधीच सांगायचा तर एनआरओ खातं (अनिवासी भारतीयाचं भारतातलं रुपयातलं खातं) छान चालतं, आयकराचं ई-फायलिंग पोर्टल बरं चालतं, आणि सगळं घोडं अडतं ते भाडेकरूच्या टीडीएसपाशी, म्हणजे भाड्यातून आधीच कापून सरकारला भरायच्या करापाशी. खालचा अनुभव आर्थिक वर्ष २०२५-२६चा, म्हणजे कलमं आणि फॉर्म १९६१च्या आयकर कायद्यातले (१ एप्रिल २०२६पासून त्याजागी २०२५चा नवा कायदा आहे).

विमानाचं तिकीट काढतानाच एक तारीख पाहा. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षी १८२ दिवस भारतात राहिला की करासाठी निवासी ठरतो. निघण्याचा दिवसही भारतातच मोजला, तर १ एप्रिल ते २८ सप्टेंबर हे १८१ दिवस होतात. २९ तारखेला निघालात तर जर्मनीतला पगारही इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचा आणि तिथे कापलेल्या कराची वजावट मिळवायला फॉर्म ६७ भरायचा. एका दिवसासाठी एवढा उपद्व्याप कोणी सांगितलाय!

साधं बचत खातं फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ करावं लागतं. शाखा ठाण्यातच असेल तर निघण्याआधी जाऊन या, कारण नंतर कागद साक्षांकित करून कुरिअर करत बसावं लागतं. व्याजावर पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के टीडीएस कापला जातो. दुहेरी कर टाळण्याच्या भारत-जर्मनी करारात व्याजावरचा दर १० टक्के आहे, पण त्यासाठी तिथल्या कर कार्यालयाचा म्हणजे फिनान्झाम्टचा रहिवास दाखला आणि पोर्टलवर भरलेला फॉर्म १० एफ बँकेत द्यावा लागतो. बँक हे स्वतःहून विचारत नाही.

आता भाडेकरू. एजंटांना एकच नियम पाठ असतो : भाडं महिन्याला ५० हजारांच्या वर असेल तर भाडेकरूने २ टक्के कापायचे, फॉर्म २६ क्यूसीने भरायचे, टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) लागत नाही. हा नियम मालक निवासी असेल तरच लागू. मालक अनिवासी झाला की कलम १९५ लागतं. त्यात किमान मर्यादा नाही, दर ३१.२ टक्के, आणि भाडेकरूला फॉर्म ४९ बी भरून टॅन काढावाच लागतो. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची (मार्चची ३० एप्रिलपर्यंत), दर तिमाहीला २७ क्यू हे अनिवासींच्या टीडीएसचं विवरणपत्र भरायचं आणि मालकाला फॉर्म १६ ए, म्हणजे कर कापल्याचा दाखला, द्यायचा. २७ क्यूला उशीर झाला की दिवसाला २०० रुपये, तेही भाडेकरूच्या खिशातून. हे ऐकल्यावर निम्मे भाडेकरू दुसरा फ्लॅट बघतात.

समजा भाडं ३२,००० आहे. ९,९८४ कापून मालकाच्या हातात २२,०१६ पडतात. वर्षाला १,१९,८०८ रुपये सरकारकडे. भाड्याच्या ३,८४,०००मधून महापालिकेचा मालमत्ता कर, समजा १२,०००, वजा केला आणि उरलेल्यावर देखभालीपोटीची ठरावीक ३० टक्के वजावट घेतली, तर करपात्र रक्कम २,६०,४०० होते. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर शून्य, म्हणजे भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर सगळे पैसे परत मिळतात. पण रिटर्न भरून, पुढच्या वर्षी. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क मात्र वेगळं वजा होत नाही, ते त्या ३० टक्क्यांतच आलं.

पैसे अडकू नयेत म्हणून फॉर्म १३ भरून कमी कपातीचा दाखला घेता येतो. त्यात दोन मेखा आहेत. पॅन ठाण्याच्या वॉर्डातच राहिलेला असतो, तो आधी आंतरराष्ट्रीय करविभागाकडे हलवावा लागतो. आणि दाखला भाडेकरूच्या टॅनवर निघतो, त्यामुळे भाडेकरू बदलला की सगळं पहिल्यापासून.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भाडेकरूने पैसे कापून भरले, पण २७ क्यूऐवजी निवासींसाठीचं २६ क्यू भरलं, किंवा काहीच भरलं नाही. मग २६ एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, रक्कम नीट दिसत नाही आणि परतावा अडकतो. यावर चाललेला उपाय म्हणजे लिव्ह अँड लायसन्स करारातच कलम घालायचं : टॅन भाडेकरूचा, सीए मालकाचा, सीएची फी मालकाने द्यायची. आणि दर तिमाहीनंतर २६ एएस उघडून पाहायचं.

पोर्टलवर प्रोफाइलमध्ये निवासी दर्जा बदलणं बरेच जण विसरतात. रिटर्नचा आयटीआर-१ हा फॉर्म अनिवासींना चालत नाही, आयटीआर-२ घ्यायचा. आधारचा ओटीपी इथल्या नंबरवरच येतो, तेव्हा सिम रोमिंगसह जिवंत ठेवा. रिटर्न भरल्यावर पडताळणीला ३० दिवसच असतात. सिम बंद पडलंच तर नेट बँकिंगमधून पडताळणी होते.

जर्मन बाजूचं एकच : तिथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. जर्मनीत जाण्याआधी त्या वर्षात भारतात मिळालेल्या पगारावर तिथे कर लागत नाही, पण उरलेल्या पगारावरचा दर तो पगार धरून ठरतो आणि तो जर्मन रिटर्नच्या ‘अनलागे व्हे-आ’ या पुरवणीत लिहावा लागतो. भारतातल्या कंपनीचा फॉर्म १६ हा एप्रिल ते मार्चचा असल्यामुळे त्यासाठी उपयोगी पडत नाही. जानेवारीपासूनच्या महिनावार पगारस्लिपा कंपनीचं लॉगिन बंद होण्याआधी उतरवून ठेवा.