जांभळी नाक्याचा वाणी आणि आमच्या घरच्या पिशव्या

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारपेठेत धान्य-कडधान्याची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. त्यातल्या एका जुन्या दुकानातून गेली काही वर्षं आमचा महिन्याचा किराणा येतो. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारीही आहेत आणि शेठ माणूस चांगला आहे. शिवाय जे लिहिलंय ते आजूबाजूच्या चार दुकानांनाही बऱ्यापैकी लागू पडेल.

आम्ही राहतो कोपरीला, म्हणजे ठाणे पूर्वेला. स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरलं की बाजार चालत गाठता येतो. वाटेत तयार पाकिटांनी भरलेली तीन दुकानं लागतात. ती सोडून इथे यायचं कारण एकच: हे लोक आपल्या पिशवीत माल देतात, पिशवीचं वजन वजा करतात आणि हे करताना तोंड वाकडं करत नाहीत. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच ठिकाणी होतात. तिसरीसाठी मी स्टेशनचा पूल चढते.

वजनाचं जरा सविस्तर सांगते, कारण सगळी मेख तिथे आहे. काट्यावरचा पोरगा आधी आपली रिकामी पिशवी ठेवतो, बटण दाबून आकडा शून्यावर आणतो आणि मग डाळ ओततो. गर्दीत हे राहून जातं. मांजरपाटाची मध्यम पिशवी पन्नासेक ग्रॅम भरते. तूरडाळ १४० रुपये किलो धरली, तर पिशवीसकट तोलल्यावर सात रुपये नुसत्या कापडाचे गेले. अशा दहा-बारा पिशव्या आणि एखादा स्टीलचा डबा धरला तर प्लास्टिक वाचवण्याच्या नादात महिन्याला शंभराची नोट आरामात जाते. म्हणून मी प्रत्येक पिशवीच्या कोपऱ्यात मार्करने तिचं वजन लिहून ठेवलंय. पहिल्यांदा ते बघून शेठ हसले आणि गल्ल्यावरून म्हणाले, "भाभी, आमच्यावर भरोसा नाय काय?" भरवसा आहे, पण आकडा दिसला की पोरगं आपोआप शून्य करतं.

पिशव्या सासूबाईंनी शिवल्या आहेत. डाळी, कडधान्यं, शेंगदाणे, साबुदाणा यांना जुन्या सुती साडीचं कापड चालतं. रवा आणि बेसन मात्र त्यातून झिरपतात आणि रिक्षात बसलं की मांडी पांढरी होते. त्यांना मांजरपाटच हवं, तेही एकदा धुऊन आटलेलं. शिवण आतून दुमडून बंद केली पाहिजे, नाहीतर मोहरी शिवणीत दडून बसते आणि पुढच्या महिन्यात साखरेत निघते. गुळासाठी आणि चिंचेसाठी स्टीलचा डबा नेते. मोहरी-जिरं-ओवा यांना छोट्या डब्या. पूर्वी शेठ या बारीकसारीक मालाची वर्तमानपत्राची पुडी बांधून द्यायचे. काय सुरेख बांधायचे, एका हाताने दोरा फिरवत! पण छापील कागदाची शाई अन्नाला लागते, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच अशा कागदात खाण्याचे पदार्थ बांधू नका असं सांगितलंय. तेव्हा पुडीला नाही म्हणते, जरा वाईट वाटतं तरी.

आता पैशाचं. घरात आम्ही पाच माणसं, मोठा मुलगा दहावीला, म्हणजे पोळ्यांचा हिशोब ठेवण्यात अर्थ नाही. डाळी, तांदूळ, गहू, पोहे, रवा, शेंगदाणे यात सुटा माल पाकिटापेक्षा स्वस्तच पडतो. पाकिटाचा खर्च नाही हे एक. दुसरं म्हणजे १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठांवर २५ किलोपर्यंत ५ टक्के जीएसटी लागला, तो सुट्या मालावर नाही. बाजारात २६ किलोची पोती कुठून उगवली असा प्रश्न पडला असेल तर त्याचं उत्तर यात आहे. साखर आणि साबण मात्र मोठ्या मॉलमध्ये शेठपेक्षा स्वस्त मिळतात, ते मी तिथूनच आणते. शेठना हे माहीत आहे.

मॉलमध्येही सुट्या डाळींचे हौद असतात, मग तिथूनच का नाही? प्रयत्न केला. आमच्या जवळच्या एका मॉलमध्ये कापडी पिशवी बघून वजन करणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, स्टिकर प्लास्टिकवरच चिकटतं." मग रोलवरून झिरझिरीत पिशवी फाडायची, त्यात डाळ, वर स्टिकर, घरी येऊन पिशवी कचऱ्यात. डाळ सुटी घेतली एवढंच समाधान. घोडबंदर रोडला एक बिनपॅकिंगवालं छान दुकान आहे, काचेच्या बरण्या, लाकडी चमचे, मागे मंद गाणी. भांड्यांच्या लिक्विडची बाटली तिथे पुन्हा भरून मिळते आणि ती सोय खरोखर चांगली आहे. पण तुरीचा भाव ऐकून मी मटकीकडे वळले आणि मटकीचा ऐकून दाराकडे.

राज्यातली प्लास्टिकबंदी २३ जून २०१८ ला लागू झाली तेव्हा पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ऐकून सगळ्यांनी कापडी पिशव्या बाहेर काढल्या होत्या. आता देशभर १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी चालत नाही म्हणतात, आणि भाजीवाल्याच्या हातात काय असतं ते आपण रोज बघतो. पण आमच्या घरच्या कोरड्या कचऱ्यात हातपिशव्या मुळात थोड्याच होत्या. डबा भरायचा तो पाकिटांनी: पोह्यांचं, रव्याचं, डाळीचं, शेवयांचं. बंदी पिशवीवर आली, पाकिटावर नाही. दुकान बदलल्यावर फरक पडला तो या पाकिटांत, आणि तो चांगलाच दिसतो. कोरड्याचा डबा आता निम्म्यावरही येत नाही.

दुकानाच्या मागच्या बाजूला एकदा जरूर डोकवा. शेठचा माल येतो तो प्लास्टिकच्याच विणलेल्या गोण्यांत, तागाचं पोतं क्वचित दिसतं. म्हणजे आपण पिशवी नेली तरी प्लास्टिक शून्य होत नाही, तीस पाकिटांऐवजी तीस किलोची एक गोणी होते. पण रिकामी गोणी वाया जात नाही. शेठ ती विकतात, आणि तीच पुढे कुणाच्या तरी घरकामाचं डेब्रिज भरून इमारतीखाली उभी दिसते. अर्धा किलोच्या चकचकीत पाकिटाला असा दुसरा जन्म नाही. भंगारवाला दुधाच्या धुतलेल्या पिशव्या घेतो, आतून चंदेरी असलेलं पाकीट हातात धरून परत देतो. (दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा. तो चिमुकला तुकडा कुणीच वेचत नाही. मुलांना एवढं तरी शिकवलंय.)

मालाचा दर्जा: तूरडाळ आणि चणाडाळ उत्तम, न खवटणारे शेंगदाणे, गहू लोकवन किंवा सिहोर, दोन्ही स्वच्छ. गहू आम्ही गिरणीत डब्यातून नेतो, त्यामुळे आट्याची पाकिटं घरात येत नाहीत. तांदळाच्या बाबतीत मात्र कान टवकारून बोला. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून बाजारातला जो तो कोलम वाड्याचा झालाय. शेठना खोदून विचारलं की ते खरं सांगतात, "हा गुजरातचा, पण भात मोकळा होईल." झाला. रवा पावसाळ्यात इथून जास्त घेऊ नका. सुट्या मालावर तारीख नसते. मूठभर हातात घेऊन वास घ्यायचा, जाळी दिसते का बघायची. आणला की त्याच दिवशी भाजून ठेवते. तुरीला एरंडेल चोळते, तांदळात कडुनिंबाचा पाला. ही कामं पाकिटवाल्यांना करावी लागत नाहीत, आणि नोकरी करणाऱ्या बाईला रविवारची सकाळ फुकट पडत नाही, हेही खर्चातच धरा.

हळद-तिखटाच्या पुडी इथे उघड्या बरणीत असतात, त्यांच्या वाटेला मी जात नाही. ब्याडगी आणि लवंगी मिरची अख्खी घेते, उन्हाळ्यात डंकावर मसाला कुटून आणते. सुटं तेल विकायला कायद्याने मनाई आहे. १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलाने माणसं दगावली होती, तेव्हा कुणी मला बरणी घेऊन तेल भरायला या म्हटलं तरी मी जाणार नाही. आम्ही मजल्यावरच्या तिघीजणी मिळून पत्र्याचा १५ किलोचा डबा घेतो आणि वाटून घेतो. रिकामा डबा आळीपाळीने एकीकडे. कुंडीला इतका चांगला डबा नाही, त्यामुळे त्यावरून कुरबुर होते, पण तेलाच्या बाटल्या बंद झाल्या.

तक्रारी दोन. फोनवर यादी दिली की सगळं मुसळ केरात. पोरगा सायकलवर सामान घेऊन येतो आणि पाव किलो राजमासुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत, वर गाठ अशी की कात्रीच लागते. शेठना सांगितलं, आमच्या रिकाम्या पिशव्या दुकानात ठेवून घ्या, त्यात भरून पाठवा. "ठेवू ना" म्हणाले. पुढच्या खेपेला पिशव्या परत आल्या, घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत. दुसरी तक्रार जागेची. काटा दाराशीच आहे, त्यामुळे आपण दहा पिशव्या एकेक करून काढतो तेव्हा मागे अर्धा किलो साखरेसाठी उभा असलेला माणूस सुस्कारे सोडतो. त्याचंही बरोबर आहे. मी आता यादीच्या क्रमाने पिशव्या लावून नेते, जड माल शेवटी.

जाणार असाल तर पगाराचा पहिला आठवडा आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा. दुपारी जेवणाच्या वेळेला शटर अर्धं खाली असतं, आत आवाज दिला तर उठतात, पण नका देऊ. गाडी घेऊन जाऊ नका, लावायला जागा मिळणार नाही. गहू-तांदळाची मोठी गोणी घरपोच देतात, वरच्या मजल्याचे वेगळे पैसे घेतात आणि ते आधी सांगतात. मोबाइलवरून पैसे चालतात. आणि डाळ घेताना पोराचं बोट काट्याच्या कोणत्या बटणावर आहे तेवढं बघा.