फर्मवेअरमधलं काय वापरकर्त्याच्या हाती द्यायचं? तीन मार्गांची तुलना

फर्मवेअरमध्ये, म्हणजे मशीनमध्येच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, बरंच काही असतं: बूटचा क्रम, घड्याळ, बॅटरी किती टक्क्यांवर थांबवायची, पंख्याचा वेग, स्वतःचं अपडेट. यातलं वर यूजरस्पेसला, म्हणजे वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमना, काय द्यायचं आणि कोणत्या रूपात, हे कर्नलवाल्याला (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ठरवावं लागतं. लिनक्सने तिन्ही मार्ग वापरून पाहिले आहेत, तेव्हा त्याचाच दाखला घेऊ.

पहिला मार्ग कच्च्या कॉलचा. वापरकर्त्याने फर्मवेअरच्या मेथडचं (एका कामाच्या कोडचं) नाव आणि आर्ग्युमेंट (तिला द्यायचा आकडा) द्यायचं, कर्नलने ते जसंच्या तसं पुढे ढकलायचं. एसीपीआय म्हणजे फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यातला ठरलेला दुवा; त्याच्या मेथडसाठी एसीपीआय-कॉल हे मुख्य कर्नलबाहेरचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) नेमकं हेच करतं. नवीन मशीन आलं तरी कर्नलला हात लावावा लागत नाही, आणि हौशी मंडळींना हा मार्ग प्रिय का, ते यातच आलं. पण आर्ग्युमेंट चुकलं तर अडवायला मधे कोणी नाही. त्यातून एसीपीआयची मेथड थेट मेमरीला हात घालू शकते, म्हणजे रूटला (सर्वाधिकारी वापरकर्त्याला) कर्नलच खुला करून दिल्यासारखं. कर्नल ५.४ मध्ये रूटलाही काही गोष्टींपासून अडवणारं लॉकडाउन आलं ते रूट आणि कर्नल यांच्यातली ही सीमा राखायला. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच कोड सुरू होऊ देणं) सांभाळायचं असेल तर हा मार्ग बाद धरा.

दुसरा मार्ग फाइलींचा. यूईएफआय या आजच्या पीसी फर्मवेअरच्या मानकात सेटिंग व्हेरिएबलमध्ये साठवतात; अशी प्रत्येक व्हेरिएबल लिनक्सच्या एफीव्हारएफएस या खास फाइलसिस्टीममध्ये एक फाइल म्हणून दिसते. पहिले ४ बाइट गुणधर्मांचे, पुढे मजकूर. याच व्हेरिएबलसाठीच्या जुन्या सिसएफएस इंटरफेसला (कर्नलची माहिती फाइलींतून देणाऱ्या सोयीला) १०२४ बाइटांची मर्यादा होती, तीही इथे गेली. वाचायला, लिहायला नेहमीची साधनं चालतात. अडचणही तिथेच आहे: नेहमीच्या साधनांत पुसायचं साधनही येतं. २०१६ मध्ये रूटने अख्खी फाइलसिस्टीम उडवली आणि त्याबरोबर व्हेरिएबलही गेल्या, असं झालं. काही लॅपटॉपच्या फर्मवेअरला त्यांच्याशिवाय उठताच येईना, आणि मशीन ठप्प. दोष उघडच फर्मवेअरचा, पण शिव्या कर्नलला. मग ४.५ पासून बूटच्या क्रमासारख्या ओळखीच्या व्हेरिएबल सोडून बाकीच्या फाइलींना न बदलण्याची खूण आपोआप लागते. पुसायचं तर ती आधी मुद्दाम काढावी लागते. हा मार्ग घेणार असाल तर ही सोय पहिल्याच दिवशी ठेवा.

तिसरा मार्ग म्हणजे एका कामाला एक नाव. थिंकपॅड लॅपटॉपच्या ड्रायव्हरमधली (त्या हार्डवेअरशी बोलणाऱ्या कर्नलच्या भागातली) चार्जिंगची वरची मर्यादा पाहा. वापरकर्ता फाइलीत ८० लिहितो. ड्रायव्हर आकडा १ ते १०० मध्ये आहे का ते बघतो, नसेल तर परत पाठवतो. गंमत म्हणजे १०० लिहिलं तर तो खाली ० पाठवतो, कारण लॅपटॉपमधल्या बॅटरी सांभाळणाऱ्या कंट्रोलर चिपच्या भाषेत ० म्हणजे ‘नेहमीसारखं पूर्ण भर’. कच्च्या कॉलमध्ये हे गुपित प्रत्येक स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला स्वतः शोधावं लागलं असतं. शिवाय दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप आला तरी फाइलीचं नाव तेच राहतं, आतली मेथड कितीही वेगळी असो. ५.१२ मधलं प्लॅटफॉर्म प्रोफाइल याच वळणाचं: शांत, संतुलित, जोरकस अशी ठरलेली नावं, बाकीची उठाठेव ड्रायव्हरची.

किंमत मोजावी लागते ती वेळेची. प्रत्येक मशीनसाठी कोणीतरी ड्रायव्हर लिहायचा, तो तपासून घ्यायचा, आणि तोवर वापरकर्ता ताटकळतो. शिवाय एकदा दिलेली फाइल मागे घेता येत नाही. कोणाची तरी स्क्रिप्ट तिच्यावर चालू असते. म्हणून नाव ठरवताना घाई नको.

मी निवड करताना एकच गोष्ट आधी बघतो: वापरकर्त्याने दिलेला आकडा किंवा मजकूर शेवटी तपासणार कोण? कॅप्सूल अपडेटमध्ये (फर्मवेअरची नवी आवृत्ती एका गठ्ठ्यात देण्याच्या पद्धतीत) त्यावरची डिजिटल सही तपासायचं काम फर्मवेअरचं असतं. त्यामुळे कर्नलने बाइट नुसते पुढे दिले तरी चालतं, आणि लिनक्सचा कॅप्सूल लोडर जवळपास तेवढंच करतो. पंखा, बॅटरी, तापमान यांत फर्मवेअर बहुधा मिळेल ते गिळतं, तिथे तिसराच मार्ग. बूटच्या व्हेरिएबलना दुसरा.

कच्चा कॉल अगदीच हवा असेल तर तो फर्मवेअरच्या चाचण्यांपुरता ठेवावा. लिनक्सचा ईएफआय टेस्ट ड्रायव्हर (यूईएफआय फर्मवेअर तपासण्यासाठीचा) तसाच आहे: बिल्डमध्ये वेगळा चालू करावा लागतो, प्रशासकाचा अधिकार मागतो आणि लॉकडाउनमध्ये बंद राहतो.