फॉरमॅट, रिसेट की नुसती दुरुस्ती? सारख्या बंद पडणाऱ्या लॅपटॉपसाठी

लॅपटॉप सारखा बंद पडायला लागला की पहिला सल्ला ठरलेला: फॉरमॅट मार. खरं तर विंडोजमध्ये त्याच्या अलीकडे दोन पायऱ्या आहेत आणि बऱ्याचदा तिथेच काम होतं. मात्र दोष रॅमचा किंवा एसएसडीचा असेल तर तिन्ही उपाय वाया जाणार. म्हणून आधी तपासणी.

उबंटूच्या (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे काहीही इन्स्टॉल न करता, लॅपटॉप सुरू करा आणि तासभर व्हिडिओ चालू ठेवा. तिथेही अडकला, तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही. नीट चालला म्हणून एसएसडी मात्र सुटत नाही, कारण तिला हातच लागलेला नसतो. ती क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहा. एसएसडी साटा प्रकारची असेल तर ‘करंट पेंडिंग सेक्टर’ आणि एनव्हीएमई प्रकारची असेल तर ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ शून्यच हवं. रॅमसाठी मेमटेस्ट८६ या चाचणी-सॉफ्टवेअरचे चार पास (फेऱ्या) रात्री लावून ठेवा. एक एररसुद्धा खूप झाली. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून चाचणी घ्या.

इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोजची नोंदवही) ‘कर्नल-पॉवर ४१’वरून लोक उगाच चार्जर बदलतात. लॅपटॉप रीतसर शट डाउन झाला नाही, एवढंच ती नोंद सांगते. कशामुळे ते नाही. निळ्या पडद्यावरचं ‘व्हीया अनकरेक्टेबल एरर’ मात्र गांभीर्याने घ्या, तिथे पहिला संशय हार्डवेअरवर. जड कामातच आणि निळा पडदा न येता बंद पडत असेल तर उष्णता बघा: पंख्याची जाळी, सुकलेली थर्मल पेस्ट. ट्रॅकपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तिथल्या तिथे थांबवा.

हार्डवेअर ठीक निघालं तर निवड तीन उपायांत.

रिपेअर इन्स्टॉल. सर्वांत कमी वापरला जाणारा आणि आमच्या मते पहिला करून बघण्याचा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ची आयएसओ फाइल (पूर्ण इन्स्टॉलर एकाच फाइलमध्ये) घ्या, चालू विंडोजमध्येच उघडा, सेटअप चालवा. सॉफ्टवेअर आणि फाइली जागेवर राहतात, सिस्टिम फाइली नव्या बसतात. एका ठिकाणी गाडी अडते: डाउनलोडच्या यादीत ‘इंग्लिश युनायटेड स्टेट्स’ आणि ‘इंग्लिश इंटरनॅशनल’ वेगवेगळे असतात. चुकीचं घेतलं तर ‘कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स’ निवडता येत नाही. तसं दिसलं तर पुढे न जाता दुसरी फाइल उतरवा. विंडोज सुरूच होत नसेल तर हा मार्ग बंद.

रिसेट. ‘कीप माय फाइल्स’ म्हटलं की आपल्या फाइली राहतात, सॉफ्टवेअर उडतं. काय उडालं त्याची यादी डेस्कटॉपवर येते. ‘लोकल रीइन्स्टॉल’ लॅपटॉपवरच्याच फाइली वापरतो. त्याच बिघडल्या असतील तर दुखणं तसंच राहतं. इंटरनेटचा सुमारे ४ जीबी डेटा खर्च होईल, पण ‘क्लाउड डाउनलोड’च घ्या.

क्लीन इन्स्टॉल, म्हणजेच फॉरमॅट. व्हायरसचा संशय किंवा नवी एसएसडी, तर हाच. ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि तो पूर्ण पुसला जातो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर सेटअपला डिस्क दिसतच नाही आणि माणूस एसएसडी गेली समजून घाबरतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उलगडून ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या. डिजिटल लायसन्स (लॅपटॉपशी जोडलेला विंडोजचा परवाना) असेल तर प्रॉडक्ट की टाकायची गरज नाही. आधीचं विंडोज होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो, एवढं बघा. विंडोज १० पुन्हा टाकत बसू नका, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. लॅपटॉप ११च्या अटींत बसत नसेल तर मात्र वेगळा विचार करावा लागेल.

तिन्हींच्या आधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. मग बॅकअप. तोही नुसता डॉक्युमेंट्स फोल्डरचा नको: टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा बहुधा तिथे नसतो, फोल्डरचा पत्ता टॅलीतच बघा. रिसेट किंवा क्लीन इन्स्टॉल करणार असाल तर टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा, म्हणजे या लॅपटॉपवरून सोडवून घ्या. श्रीलिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिचं इन्स्टॉलर आणि लायसन्स हाताशी आहे ना, तेही पाहा. जुन्या फाइली त्या फॉन्टशिवाय उघडल्या की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो. बिघाड नसतो तो, पण धडकी भरते.

नवं विंडोज बसलं की लगेच सगळं सॉफ्टवेअर टाकू नका. दोन दिवस नुसते ड्रायव्हर आणि ब्राउझरवर चालवा, मग रोज एकेक वाढवा. जे टाकल्यावर पुन्हा बंद पडला, ते काढून बघा.