आठ महिने पोस्टग्रेस: सुरूच न होणाऱ्या सर्व्हरपासून केळीच्या हिशेबापर्यंत

रावेर तालुक्यात आमचा केळी खरेदीचा धंदा आहे. कुणाच्या बागेतून किती क्विंटल माल कापला, काट्याची पावती, शेतकऱ्याला दिलेली उचल, मजुरांची टोळी, गाडीभाडं हे सगळं आधी वह्यांत होतं, मग एक्सेलमध्ये आलं. दोघांनी एकच फाइल उघडली की एकाच्या नोंदी जायच्या. शेतकऱ्याच्या पैशांचा हिशेब असा हरवणं मला सहन होईना. म्हणून दिवाळीनंतर गोदामातल्या मशीनवर उबंटू २४.०४ ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि त्यात पोस्टग्रेस १६ हा डेटाबेस सर्व्हर टाकला.

पहिले दोन दिवस ते सुरूच झालं नाही. इन्स्टॉल पूर्ण, सर्व्हिसचं स्टेटस हिरवं, ‘अ‍ॅक्टिव्ह’. जोडायला गेलं की उत्तर एकच: सर्व्हर चालू आहे का? मी तीनदा काढून तीनदा टाकलं, पोस्टग्रेस ज्यावरून जोडणी घेतं तो पोर्ट ५४३२ दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने अडवलाय का ते पाहिलं. शेवटी जळगावच्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, “भो, स्टेटस सोड. पीजी-एलएसक्लस्टर्स चालव आणि काय दिसतं ते सांग.”

ही आज्ञा मशीनवरच्या क्लस्टरांची, म्हणजे पोस्टग्रेस आपला डेटा ठेवतं त्या संचांची, यादी दाखवते. काहीच दिसलं नाही. यादी रिकामी. तिथेच उलगडा झाला. उबंटूवर ‘पोस्टग्रेसक्यूएल’ नावाची सर्व्हिस नुसती छत्री असते. ती हिरवी दिसली म्हणजे खाली डेटाबेस चालतोय असं नाही. खरी सर्व्हिस प्रत्येक क्लस्टरची वेगळी. आमच्याकडे क्लस्टर बनलाच नव्हता, मग सुरू काय होणार?

न बनण्याचं कारण मराठी निघालं. माझ्या लॅपटॉपची भाषा मराठी आहे. त्यावरून एसएसएचने, म्हणजे दुरून दुसरं मशीन चालवायच्या सोयीने, गोदामातल्या मशीनवर शिरलो, तेव्हा भाषेची ती सेटिंगही सोबत गेली. त्या मशीनवर मराठी लोकेल, म्हणजे त्या भाषेच्या सेटिंगचा संच, तयारच नव्हता, म्हणून इन्स्टॉल करताना क्लस्टर बनवायची पायरी फसली. तसा संदेश पडद्यावर आला होता, पण शंभर ओळींत वर सरकून गेला. तीनही वेळा त्याच लॅपटॉपवरून टाकलं, म्हणून तीनही वेळा तेच झालं. लोकेल-जेन या आज्ञेने मराठी लोकेल तयार केला, पीजी-क्रिएटक्लस्टर या आज्ञेने क्लस्टर बनवला, आणि मिनिटभरात सर्व्हर उभा राहिला. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ आहे ना, ते तेव्हाच बघून घ्या. गावांची आणि माणसांची नावं देवनागरीत ठेवायची तर ते लागतंच.

त्यानंतर सहा महिने काही तक्रार नाही. मे महिन्यात, ऐन कापणीत, पारा ४५ च्या आसपास असताना वीज गेली आणि इन्व्हर्टरही संपला. मशीन धाडकन बंद. वीज आल्यावर सर्व्हर पुन्हा उठेना. या वेळी सरळ व्हार-लॉगमधल्या पोस्टग्रेसच्या फोल्डरात, जिथे सर्व्हर आपल्या घडामोडींचा लॉग लिहितो, जाऊन शेवटच्या वीस ओळी वाचल्या. डिस्क भरली होती. दर रात्रीचा पीजी-डंप, म्हणजे डेटाबेसची बॅकअप प्रत, मी त्याच डिस्कवर साठवत होतो, जुने कधी काढलेच नव्हते. ते बाहेरच्या डिस्कवर हलवले, जागा झाली, सर्व्हर सुरू केला. लॉगमध्ये ओळ आली की मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं, दुरुस्ती चालू आहे. काही सेकंदांत तयार. काट्यावरची शेवटची पावती, वीज जायच्या काही क्षण आधीची, जागेवर होती. ती पाहून जीव भांड्यात पडला.

अशा वेळी जागा करायला पीजी-वॉल फोल्डरातल्या फायली, ज्यांत सर्व्हर प्रत्येक बदल आधी लिहून ठेवतो, कधीही उडवू नका. ती दुरुस्ती त्यांच्याच जोरावर होते.

उणं काय? सेटिंगच्या फायली हातानं बदलाव्या लागतात, आणि एक अवतरणचिन्ह सुटलं तरी सर्व्हर उठत नाही. लॉग मात्र ओळीचा क्रमांक सांगतो. दुसऱ्या मशीनवरून जोडायला दोन फायलींत बदल करावे लागले; नवख्याला तिथे मदत लागेल. दर महिन्याचं भाडं नाही, लायसन्सचे पैसे नाहीत, आणि आता काट्यावरचा मुलगा आणि मी एकाच वेळी नोंदी करतो.

बॅकअप आता दुसऱ्या डिस्कवर जातो, चौदा दिवसांपेक्षा जुना आपोआप निघतो. दर सोमवारी सकाळी, पहिली गाडी काट्यावर यायच्या आधी, मी डिस्कची शिल्लक जागा बघतो.