डिस्क, टॅगचे पट्टे की पिकलबॉल? समाजमंदिरासमोरच्या मैदानासाठी तीन संचांचं परीक्षण

गावच्या समाजमंदिरासाठी मुलांच्या नव्या खेळांचं साहित्य घ्यायचं आहे आणि पैसे एकाच संचापुरते आहेत, तर फ्लाइंग डिस्क (हवेत फेकून झेलायची तबकडी) घ्या. पुढच्या खेपेला टॅग रग्बीचे पट्टे. पिकलबॉलची (बॅटीने छिद्रांचा चेंडू जाळीपलीकडे मारायच्या खेळाची) जाळी तेव्हाच, जेव्हा हाताशी सिमेंटची सपाट जागा आहे आणि ती लग्नसराईतही मोकळी मिळते. हा क्रम किमतीवरून लावलेला नाही, जमिनीवरून लावला आहे. आपल्याकडे समाजमंदिरासमोर सहसा मुरमाचं मैदान असतं, त्यात खो-खोचे दोन खांब आणि कडेला सराट्याचे वेल. हे संच बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र हिरवळ किंवा सिंथेटिक कोर्ट असतं. त्यामुळे खोक्यावर काय छापलंय त्यापेक्षा मुरमावर काय टिकतं हेच इथे पाहिलं आहे.

आधी डिस्क. बाजारात या नावाने दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. खेळण्यांच्या दुकानातली रंगीत तबकडी हलकी, कडक आणि पातळ कडेची असते. जरा वारा आला की ती वर उचलली जाते आणि भलतीकडे पडते. दोन दिवसांत मुलं कंटाळतात, आणि दोष खेळाला लागतो. अल्टिमेट, म्हणजे दोन संघांनी डिस्क पास करत खेळायचा खेळ; त्याची डिस्क १७५ ग्रॅमची असते, व्यास साधारण २७ सेंटिमीटर. तिचं वजन कडेला एकवटलेलं असतं, म्हणून गिरकी टिकते आणि गिरकी टिकली की ती सरळ जाते. घेताना किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. वजन शंभर ग्रॅमच्या आत भरलं तर ते खेळणं आहे, परत करा. मग दोन्ही तळव्यांत धरून कडा आत दाबा. चांगलं प्लास्टिक वाकून पुन्हा जागेवर येतं. वाकल्या जागी पांढरी रेष उमटली, तर ती डिस्क दगडावर आपटल्यावर तिथेच तडकणार.

डिस्क्राफ्ट कंपनीची अल्ट्रा-स्टार ही १७५ ग्रॅमची डिस्क जगभर सामन्यांत वापरतात, आणि तिचं नाव झालं आहे ते योग्यच आहे. पण दहा-अकरा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाला ती जड जाते. त्यांच्यासाठी त्याच कंपनीची १४५ ग्रॅमची जे-स्टार बरी. हलकी असल्याने ती वाऱ्याला लवकर बळी पडते, म्हणून लहान गटाचा खेळ सकाळी ठेवा. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटतो, तेव्हा मोठ्यांनी १७५ची वापरावी. चोवीस मुलांसाठी सरावाला बारा डिस्क लागतात, दोघांत एक. तेवढ्या जमत नसतील तर सहा घ्या आणि चौघांचे गट करा. त्याहून कमी असल्या तर मुलं रांगेत उभी राहतात आणि रांगेत उभं राहिलेलं मूल घरी जातं.

मुरमाचा पहिला मार कडेवर बसतो. डिस्क खडीवर घसटत थांबते, कडेला बारीक कुसं उठतात आणि झेलताना बोटं सोलतात. यावर उपाय म्हणजे ३२० किंवा ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून कडेवरून गोल फिरवायचा, दोन मिनिटांत कुसं जातात. कोरडा पेपर घासू नका, त्याने प्लास्टिक आणखी केसाळतं. दुसरा मार उन्हाचा. पत्र्याच्या खोलीत डिस्कवर खुर्च्या रचल्या की ती पाटासारखी सपाट न राहता वळते, मग प्रत्येक फेक एकीकडे झुकते. वळलेली डिस्क कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून सपाट फरशीवर वजनाखाली ठेवली तर बऱ्यापैकी सरळ होते. पूर्वीसारखी होत नाही, सरावाला चालते.

शिकवताना झेलापासून सुरुवात करा. एक तळवा वर, एक खाली, मध्ये डिस्क, भाकरी थापताना हात जसे समोरासमोर येतात तसे. एका हाताने कड पकडायचा मोह पहिले काही दिवस होऊ द्यायचा नाही. फेकीत दोन चुका सगळीकडे दिसतात. एक म्हणजे फडफड: डिस्क हवेत थरथरते आणि मध्येच पडते. मूल खांद्याने जोर लावतं आणि मनगट ताठ ठेवतं, त्यामुळे गिरकीच मिळत नाही. अंतर पाच मीटरवर आणा, कोपर शरीराजवळ ठेवायला सांगा आणि ओल्या हाताचं पाणी झटकतो तसं मनगट झटकायला लावा. दुसरी चूक म्हणजे उजव्या हाताची साधी, म्हणजे बॅकहँड, फेक उजवीकडे उलटून जमिनीत घुसते. सोडताना डिस्कची बाहेरची कड वर राहिलेली असते. ती किंचित खाली झुकवली की फेक सरळ जाते आणि वेग उतरताना हलकेच डावीकडे वळते. ते डावीकडे वळणं डिस्कचा स्वभावच आहे, त्यासाठी मुलाला बोलू नका.

प्रौढांचं अल्टिमेटचं मैदान १०० मीटर लांब, ३७ मीटर रुंद आणि एका बाजूला सात खेळाडू. गावात तेवढं मैदान क्वचित, आणि बारा वर्षांच्या मुलांना ते नकोही. ४५ बाय २० मीटर घ्या, दोन्ही टोकांना ८ मीटरचे एंड झोन (गुण मिळवायचे पट्टे) आखा, एका संघात पाच मुलं. डिस्क हातात असताना पळायचं नाही, एक पाय रोवून फक्त वळायचं. समोरचा मोठ्याने एक ते दहा मोजतो, तेवढ्यात पास द्यायचा. डिस्क जमिनीला टेकली की ती दुसऱ्या संघाची. सहकाऱ्याने एंड झोनमध्ये झेलली की गुण. एवढ्या नियमांवर पहिला सामना होतो. खो-खो खेळणाऱ्या मुली इथे पहिल्या दिवसापासून पुढे असतात. अचानक दिशा बदलणं त्यांच्या पायांत आधीच असतं.

या खेळाची खरी किंमत मात्र पंच नसण्यात आहे. १९६८ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या एका शाळेत तो सुरू झाला. आज आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याच्या जागतिक महासंघाला मान्यता दिली आहे, तरी मोठ्या स्पर्धांतही फाउल खेळाडूच सांगतात आणि आपसांत मिटवतात. गावच्या मैदानावर याची सुरुवात गोंगाटाने होते. पीटीच्या सरांचा हात शिट्टीकडे जातो. जाऊ देऊ नका. वाद झाला तर दोघांनाच बोलायला अर्धा मिनिट द्या. एकमत झालं नाही तर डिस्क आधीच्या फेकणाऱ्याकडे परत आणि खेळ पुढे. हा नियम मुलांना इतका पटतो की पुढे लगोरीच्या भांडणातही तोच वापरतात.

सुरक्षेची एक गोष्ट अजिबात टाळता येणार नाही. खो-खोचे खांब १२० सेंटिमीटर उंच, म्हणजे बारा वर्षांच्या मुलाच्या छाती-हनुवटीच्या उंचीचे. डिस्कच्या मागे धावणाऱ्याची नजर वर असते, त्याला खांब दिसत नाही. आखणी खांबांपासून निदान पाच मीटर दूर करा, नाहीतर खांब काढता येतील असे बसवा. सरावात सगळ्यांनी एकाच दिशेने फेकायचं आणि डिस्क आणायला सगळ्यांनी एकदमच जायचं. कडेला बसलेली धाकटी भावंडं फेकीच्या रेषेत नकोत. डिस्कची कड तोंडावर बसली तर ओठ फुटतो. आखणीला फक्की वापरा. घरी उरलेला चुना कुणी देऊ केला तरी घेऊ नका, डोळ्यात गेला तर डोळा भाजतो.

टॅग रग्बीचा संच म्हणजे कमरेचे पट्टे, प्रत्येकावर वेल्क्रोने चिकटवलेल्या दोन फिती आणि एक लंबगोल चेंडू. पकडायचं म्हणजे अंगावर जायचं नाही, फक्त फीत ओढायची. ज्याची ओढली त्याने दोन-तीन पावलांत थांबून चेंडू मागे किंवा बाजूला द्यायचा, पुढे कधीच नाही. आठ वर्षांच्या मुलालाही हे दहा मिनिटांत कळतं, आणि कबड्डीत अंग टेकवायला बिचकणारी मुलंही इथे मोकळी खेळतात. आधीच आखलेलं २७ बाय १६ मीटरचं खो-खोचं मैदान याला मापाचं आहे, फक्त खांब काढता आले पाहिजेत. चेंडू नऊ वर्षांपर्यंत ३ नंबरचा, त्यापुढे ४ नंबरचा. दुकानदार ५ नंबरचा गळ्यात मारतात. तो प्रौढांचा आहे, लहान हातांतून निसटतो.

बहुतेक पट्टे मोठ्या कमरेसाठी कापलेले असतात. सात वर्षांच्या मुलीला गुंडाळल्यावर हातभर टोक लोंबतं आणि समोरचा फितीऐवजी तेच ओढतो. शिंप्याकडून पट्ट्यावर आणखी एक वेल्क्रोचा तुकडा आत शिवून घ्या. वेल्क्रोचा खरा शत्रू कुसळ. पावसाळ्यानंतर गवत वाळलं की वेल्क्रोच्या खरखरीत, आकड्यांच्या बाजूत कुसळं आणि माती भरते, मग फीत धावतानाच गळून पडते आणि भांडण सुरू होतं. जुना दात घासायचा ब्रश आणि दाभण घेऊन दर आठवड्याला ती बाजू साफ करायची. न वापरताना फिती पट्ट्याला चिकटवूनच ठेवा, म्हणजे आकडे झाकलेले राहतात. फीत पट्ट्याला गाठ मारून कुणी खेळत असेल तर लगेच थांबवा, त्यात ओढणाऱ्याचं बोट मुरगळतं. शर्ट आत खोचलेला हवा, ओढणी बाजूला काढून ठेवलेली. पैसे अगदीच नसतील तर जुन्या साडीच्या काठाच्या ३० सेंटिमीटरच्या पट्ट्या कमरेत खोचूनही खेळ होतो. फक्त सगळ्यांच्या पट्ट्या सारख्या बाहेर आहेत ना, ते आधी बघायचं.

पिकलबॉल शहरात जोरात आहे. देशात त्याची संघटना मुंबईतून २००८ साली उभी राहिली. खेळ छान आहे, आजी आणि नातू एका बाजूने खेळू शकतात. पण चेंडू २२ ते २६ ग्रॅमचा, पोकळ आणि छिद्रांचा. मुरमावर तो उसळतच नाही, नाहीतर खड्याला लागून भलतीकडे जातो. सर्व्हिस आणि तिचा परतीचा फटका, दोन्हींचा एक टप्पा पडू देऊनच समोरच्याने चेंडू मारायचा असा नियम आहे, तेव्हा टप्पाच नीट मिळत नसेल तर खेळ होतच नाही. पेव्हर ब्लॉकवर फटींमुळे तीच गत. सिमेंटचं सपाट खळं किंवा कोबा असेल तरच विचार करा. कोर्ट १३.४१ बाय ६.१ मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढंच. जाळी कडेला ९१.४, मध्ये ८६.४ सेंटिमीटर.

सभागृहात खेळवायचा बेत असेल तर आधी टेप लावून मोजा. कोर्ट बसलं तरी मागे पळायला जागा उरत नाही आणि मुलं भिंतीला आदळतात. पंखे बंद ठेवावे लागतात. आतल्यासाठी २६ छिद्रांचा चेंडू, बाहेर ४० छिद्रांचा. दुपारच्या उन्हात बाहेरचा चेंडू मऊ पडून अंडाकृती होतो आणि जोडावर चिरतो, म्हणून चेंडू डझनाने घ्यावे लागतात. फिरत्या जाळीच्या नळ्यांमधली स्प्रिंगची बटणं पहिल्याच पावसाळ्यात गंजून अडकतात. जोडताना तिथे थोडं ग्रीस लावा. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू भरून दोन्ही पायांवर ठेवा, नाहीतर वाऱ्याने जाळी आडवी होते. बॅटी प्लायवूडच्या घ्या. महागड्या बॅटीपेक्षा जड असतात खऱ्या, पण पडल्या-आपटल्या तरी टिकतात. ओल्या ठेवल्या तर मात्र कडेने थर सुटतात. एका जाळीच्या पैशात पाच-सहा चांगल्या डिस्क येतात, हा हिशेब ग्रामसभेत मांडायलाच हवा.

रोलबॉलची, म्हणजे स्केट्स घालून चेंडू खेळायच्या खेळाची, मागणीही हल्ली येते. तो पुण्यात २००३ साली राजू दाभाडे यांनी घडवलेला खेळ, त्याचा अभिमान आहेच. पण प्रत्येक मुलाला स्केट्स आणि गुळगुळीत जमीन लागते, त्यामुळे मुरमाच्या मैदानाला तो सध्या लागू नाही.

साहित्य आल्यावर ते कुठे नोंदवता यालाही महत्त्व आहे. डिस्क, फिती आणि चेंडू ग्रामपंचायतीच्या जडवस्तू नोंदवहीत चढवले, की हरवल्यास जबाब कोण देणार या भीतीने कपाटाला कुलूप लागतं आणि नवी कोरी डिस्क वर्षभर पिशवीतच राहते. या वस्तू झिजणाऱ्या आहेत, त्यांना उपभोग्य साहित्यातच धरा. जडवस्तूंत फक्त जाळी आणि तिच्या नळ्या. एक किल्ली शिपायाकडे, दुसरी मैदानाजवळ राहणाऱ्या एखाद्या ताईकडे. प्रत्येक डिस्कच्या खालच्या बाजूला पक्क्या शाईने क्रमांक टाका. संध्याकाळी परत करताना मुलांनीच क्रमांक वाचून मोजणी करायची, आणि एक कमी भरली तर अंधार पडायच्या आत सगळ्यांनी मिळून बांधावर शोधायची.