शेवरोले ३५०साठी एआरपीचे मेन स्टड : किट उत्तम, पण लाईन होनिंगचे पैसे आधी बाजूला ठेवा

शेवरोलेचं 350 क्युबिक इंचाचं स्मॉल ब्लॉक इंजिन ओव्हरहॉलला काढलं की मेन कॅपचं, म्हणजे क्रँकशाफ्टला ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या टोप्यांचं, काय करायचं हा प्रश्न येतोच. जुनेच बोल्ट परत लावायचे, नवे बोल्ट घ्यायचे, की स्टड (ब्लॉकमध्ये कायम उभी राहणारी आट्याची दांडी, तिच्यावर वरून नट) टाकायचे? अमेरिकेत यासाठी नेहमी घेतलं जाणारं किट म्हणजे कॅलिफोर्नियातल्या एआरपी कंपनीचं. मोठ्या जर्नलच्या (जर्नल म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) टू-बोल्ट, म्हणजे कॅपला दोन बोल्ट असलेल्या, ब्लॉकसाठी किट नंबर 134-5401 आणि फोर-बोल्टसाठी 134-5601. पाच कॅप असल्यामुळे टू-बोल्टला 10 स्टड लागतात. फोर-बोल्टमध्ये फक्त मधल्या तीन कॅपना चार-चार असतात, म्हणून तिथे 16.

मालाबद्दल तक्रार नाही. 8740 क्रोमोली स्टील, ताकद 1 लाख 90 हजार पीएसआयच्या आसपास. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा 12.9 ग्रेडचा अ‍ॅलन बोल्ट मेट्रिकमध्ये साधारण 1220 मेगापास्कलचा, म्हणजे 1 लाख 77 हजार पीएसआयचा असतो. कागदावर फरक थोडा वाटतो, म्हणून "12.9 टाकून देऊ" असं म्हणणारे भेटतात. तसं करू नका. इथले आटे 7/16 इंचाचे, इंचाला 14. मेट्रिक बोल्ट त्यात नीट बसत नाही, आणि अ‍ॅलन बोल्टचं डोकं लहान असल्यामुळे कॅपवर टेकायची जागाही तोकडी पडते.

स्टडचा खरा फायदा ताकदीपेक्षा आट्यांमध्ये आहे. बोल्ट आवळताना तो ब्लॉकच्या बिडाच्या आट्यात घासत फिरतो, एकाच वेळी ताणलाही जातो आणि पिळलाही जातो. स्टड ब्लॉकमध्ये स्थिर राहतो, फिरतो तो फक्त वरचा नट, आणि नटाकडचे आटे बारीक आहेत, इंचाला 20. टॉर्क रेंचला आपण जो जोर लावतो त्यातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यात जातो, बाकी सगळा घर्षणात मुरतो. त्यामुळे घर्षण जितकं एकसारखं, तितका प्रत्येक कॅपवरचा दाब एकसारखा. शिवाय बांधणीत क्लिअरन्स (बेअरिंग आणि क्रँकमधली फट) बघायला कॅप चार-पाच वेळा तरी लावून काढावी लागते. तेवढ्या वेळा ब्लॉकचे आटे झिजत नाहीत ही मोठी गोष्ट आहे. बिडाचे आटे एकदा मेले की हेलिकॉइल (आट्यांसाठी आत बसवायची तारेची गुंडाळी) टाकण्यावाचून इलाज नाही.

आता किटच्या डब्यावर ठळक लिहायला हवी होती ती गोष्ट. स्टड टाकले की मेन बोअरचा, म्हणजे क्रँकची बेअरिंग बसतात त्या गोल भोकाचा, आकार बदलतो. स्टडचा दाब वेगळा, तो भोकात खोलवर जाऊन बसतो, आणि त्यामुळे कॅप आणि ब्लॉकमधली ती कॅप बसते ती भिंत दोन्ही वेगळ्या पद्धतीने ओढले जातात. कारखान्यात बोअर केलं तेव्हा तिथे बोल्ट होते. या इंजिनचा मेन हाउसिंग बोअर 2.6406 ते 2.6415 इंच असतो, म्हणजे सगळी मिळून सूट एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) सुद्धा नाही. नुसते स्टड लावून, बेअरिंग न घालता, डायल बोअर गेजने उभं आणि दोन्ही तिरपं माप घेतलं की लंबगोलपणा लगेच दिसतो. तसंच बांधलं तर बेअरिंग एका बाजूला घासतं, तेलाचा थर पातळ होतो आणि बेअरिंगच्या वरच्या थराखालचं तांबं उघडं पडतं. दोष मात्र बेअरिंगच्या कंपनीला दिला जातो.

म्हणून लाईन होनिंग (कॅप आवळून सगळे मेन बोअर एका रेषेत घासून गोल करणं) किटच्या खर्चातच धरायचं. मशीन शॉपला ब्लॉक देताना हेच स्टड, हेच वंगण आणि टॉर्कचा हाच आकडा द्या. "आमच्या बोल्टवर होन करून देतो, नंतर तुम्ही स्टड लावा" असं कुणी म्हणालं तर ब्लॉक परत घ्या. एक दुष्परिणामही माहीत असावा. होनिंगआधी कॅपची तोंडं थोडी घासतात, त्यामुळे क्रँक किंचित वर सरकतो. जास्त घासलं गेलं तर टायमिंग चेन सैल पडते. म्हणून किती थाऊ काढले ते विचारा. लाईन बोअर केलेल्या ब्लॉकसाठी थोड्या आखूड चेन मिळतात.

बसवताना सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आधी भोकं साफ करा, पण कटिंग टॅपने नाही. त्याने चांगले आटेही खरवडले जातात, थ्रेड चेझर (आटे न कापता फक्त साफ करणारं हत्यार) वापरा. बंद भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर स्टड खाली जाताना ते दाबलं जातं, आणि त्या दाबाने ब्लॉक तडकू शकतो. हवा मारून भोक कोरडं करा. स्टड हाताने बसवायचा, फार तर अ‍ॅलन कीने हलकेच. तळाला टेकला की थांबा. पाना लावून आवळला तर तो वाकडा उभा राहतो आणि आट्यांवर फुकटचा ताण येतो. लॉक्टाइट (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावायचंच असेल तर ते सुकायच्या आत कॅप बसवून पूर्ण टॉर्क द्यावा लागतो.

किटमधलं अल्ट्रा-टॉर्क वंगण नटाच्या आट्यांना, नटाच्या खालच्या तोंडाला आणि वॉशरच्या वरच्या बाजूला लावा. वॉशरची खालची बाजू कोरडी ठेवा, म्हणजे वॉशर कॅपवर फिरत नाही. या वंगणावरचा आकडा 70 फूट-पाउंड, म्हणजे 95 न्यूटन-मीटर किंवा साधारण 9.7 किलोग्रॅम-फोर्स मीटर. 25, 50, 70 अशा तीन टप्प्यांत द्या. इंजिन ऑइल लावून हाच आकडा धरला तर दाब कमी पडतो. ऑइलचा आकडा वेगळा असतो, दोन्हींची सरमिसळ करू नका.

थ्रस्ट बेअरिंग (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारं) मागच्या, पाचव्या कॅपमध्ये आहे. ती कॅप आधी फक्त 10-12 फूट-पाउंडवर ठेवा, क्रँकला शिशाच्या हातोडीने आधी मागे मग पुढे ठोका, म्हणजे थ्रस्टची दोन्ही तोंडं एका रेषेत येतात. मग पूर्ण टॉर्क. क्रँक ब्लॉकमध्ये उतरवताना उभ्या स्टडवर रबरी नळीचे तुकडे चढवा. जर्नलला एक ओरखडा पडला तरी पॉलिशला पाठवावं लागतं.

मागच्या कॅपवरच ऑइल पंप बसतो. रुंद बॉडीचा हाय-व्हॉल्यूम पंप असेल तर त्याचं बूड स्टडच्या टोकाला लागू शकतं. पंप लागला तर तो कॅपवर सपाट बसत नाही आणि आवळताना पंपाचा कान तुटतो. सगळं बांधून झाल्यावर हे कळलं तर क्रँकपर्यंत उलटं यावं लागतं, म्हणून पंप कोरडाच लावून आधीच बघा.

घ्यावं की नाही? इंजिन 6000 आरपीएमवर वारंवार जाणार असेल, टर्बो किंवा नायट्रस असेल, किंवा रेसमध्ये दर सीझनला उघडणार असेल तर जरूर घ्या. रोज चालवायच्या गाडीचं मूळचंच 350 बांधताय, मेन बोअर मापात आहे आणि मशीन शॉपचं बजेट नाही, तर घेऊ नका. मूळ बोल्टच्याच धर्तीचे नवे बोल्ट लावा आणि त्यावर बोअर एकदा मापून घ्या. जुनेच बोल्ट वापरायचे असतील तर प्रत्येकावर चांगला नट बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बघा. मध्येच अडला तर तो बोल्ट ताणला गेलाय, कमरेशी बारीक झालाय. अशांपैकी एक जरी निघाला तरी सगळा सेट बदला.